पाठीशी भिंत, समोर घर

आमच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही. पुण्यात अलीकडे बांधलेल्या कितीतरी फ्लॅटमध्ये ती नसतेच. पंचवीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद असा एकच सलग पट्टा आहे; एका टोकाला बाल्कनी, दुसऱ्या टोकाला ओटा. मुख्य दार लांब भिंतीच्या साधारण मध्यावर असल्यामुळे ते उघडलं की उजवीकडे बसायची जागा, डावीकडे जेवणाचं टेबल आणि त्यामागे गॅसची शेगडी, असं सगळं घर एका नजरेत येतं. घर बघायला आलो तेव्हा याच मोकळेपणावर आम्ही भाळलो होतो. सकाळचा उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरून पार बाल्कनीपर्यंत जातो, संध्याकाळचा उलटा येतो. पोळ्या लाटणारा माणूस घरातल्या गप्पांमध्ये असतो. हे सुख फार मोठं आहे.

राहायला आल्यावर मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. येणारा माणूस पटकन बसत नसे. चपला काढायचा, दोन पावलं आत यायचा आणि पट्ट्याच्या मधोमध उभा राहायचा. ‘बसा ना’ म्हटलं की सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला, उठायच्या तयारीत टेकायचा. माझी मावशी कुणाच्याही घरात गेली तरी पाच मिनिटांत ओट्याशी उभी राहून ‘कोथिंबीर कुठे ठेवतेस गं?’ विचारणारी. तीसुद्धा आमच्याकडे पर्स मांडीवर घेऊन बसली. कुणी काही तक्रार केली नाही. पण माणूस आपल्या घरी टेकतो आणि माणूस आपल्या घरी बसतो यांतला फरक घरच्या बाईला कळतो. तेव्हापासून मी या खोलीचा विचार सुरू केला, आणि सजावटीचा विचार आपोआप मागे पडला.

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. अंगणातून दोन-तीन पायऱ्या चढून पडवी, पडवीतून आणखी एक पायरी चढून ओटी, ओटीवरून उंबरठा ओलांडला की माजघर, आणि त्याच्यामागे स्वयंपाकघर. छप्पर उतरतं असल्यामुळे पडवीच्या कडेला ते इतकं खाली यायचं की उंच माणसाला वाकून आत यावं लागायचं. ओटीवर पोचेपर्यंत डोक्यावर हात-दोन हात जागा मोकळी व्हायची. उजेडाचंही तसंच. अंगणात डोळे दिपवणारं ऊन, पडवीत सावली, ओटीवर आणखी मऊ उजेड, माजघरात भर दुपारी काळोख. पाय वर चढतो आहे, मान वाकून पुन्हा सरळ होते आहे, डोळे निवत आहेत, आणि या तिन्ही गोष्टी मिळून अंगाला सांगतात की आता थांब, इथे बस. ओटीवर मागच्या भिंतीला लागून लाकडी बाक होता, बाजूला झोपाळा. बाकावर बसलं की पाठीशी माजघराची जाड भिंत आणि समोर गजांमधून अंगण, आगर, वाटेवरून येणारा-जाणारा. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे यायचा. कुठे बसू, असं कुणाला विचारावं लागलेलं मी पाहिलं नाही.

माणसाला अशीच जागा का आवडते यावर जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक मांडणी केली. त्याचं म्हणणं असं, की जिथून दूरवर दिसतं पण आपण स्वतः झाकलेले असतो, ती जागा माणसाला सुखाची वाटते. त्याने हे निसर्गदृश्यांबद्दल लिहिलं. पुढे वास्तुरचनाकारांनी ते घरांना लावलं. आजोळच्या ओटीवरचा बाक मला त्याचं चोख उदाहरण वाटतो. गोव्यातल्या जुन्या घरांचा बल्कांवही तसाच: दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधीव बैठका, वर छप्पर, समोर रस्ता. आमच्या फ्लॅटमध्ये सोफा नेमका याच्या उलट ठेवलेला होता. पाठ ओट्याकडे, तोंड टीव्हीकडे. मागे कोण येतं-जातं ते दिसायचं नाही, भांड्यांचा आवाज मानेवर यायचा. माणूस सैलावणार कसा?

पण ओटीबद्दल लिहिताना एवढ्यावर थांबणं मला बरं वाटत नाही. त्या पायऱ्या नुसत्या सोयीच्या नव्हत्या. अंगणात कोण थांबणार, पडवीत कोण टेकणार आणि ओटीवर कोण बसणार हे जातीवरून ठरायचं, आणि तेही कुणाला विचारावं लागत नसे. बायकांची जागा माजघरापासून मागे. माझी आजी ओटीवर पाहुण्यांसमोर बसून बोलल्याचं मला आठवत नाही. ती दाराआडून ऐकायची, आणि पाहुणे गेल्यावर आजोबांना जे सांगायची त्यावरून कळायचं की सगळ्यांत नीट तिनेच ऐकलं होतं. म्हणून मधली भिंत गेली याचं मला मनापासून बरं वाटतं. ती पुन्हा बांधायची माझी इच्छा नाही. ओटीवर पाहुण्याच्या शरीराला मिळणारा विसावा मला हवा होता. त्या पायऱ्यांनी माणसामाणसांत केलेली उतरंड नको होती. आमच्या खोलीत जे जे केलं ते या दोन वाक्यांच्या आधाराने केलं.

खरं तर भिंती नसलेलं घर मराठी माणसाला नवीन नाही. माझे वडील नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळींमधली एक खोली १६० चौरस फुटांची. तिच्यातच चूल, मोरी, देव, खाट, अभ्यास, बाळंतपण, आजारपण. बाबा सांगतात, सकाळी गाद्या गुंडाळून खाटेवर रचल्या की खोली बसायची व्हायची, दुपारी आई आणि शेजारणी निवडण-टिपण घेऊन बसल्या की तीच खोली बायकांची, संध्याकाळी दिवा लागला की मुलांची. कुणी आलं तर खाटेवरची सतरंजी झटकून त्याला बसवायचं. पुरुषमाणसं गॅलरीत जायची. भिंतीचं काम तिथे घड्याळ करायचं, आणि एकमेकांची चाहूल घेऊन आवाज खाली आणण्याची सवय करायची. बाबांना आमच्या घराच्या मोकळ्या रचनेचं कौतुक वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने ती लहानपणीची अडचण आहे, फक्त जागा मोठी आहे. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली: सामान हलतं असलं पाहिजे.

भिंत काढता येते कारण तिच्यावर भार नसतो. आरसीसीच्या इमारतीत वजन पेलतात ते कॉलम आणि बीम. मधल्या विटांच्या भिंती नुसता आडोसा असतात. जांभ्याच्या घरांमध्ये भिंतच छप्पर धरून असते, तिला हात लावता येत नाही. आणि हे इथेच सांगून ठेवते: अलीकडच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांमध्ये सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात, त्यांना मायवानचं बांधकाम म्हणतात. तिथे आतली भिंतसुद्धा इमारतीचा भार घेत असू शकते. शेजाऱ्याने पाडली म्हणून आपण पाडू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नये.

पश्चिमेकडे ज्यांनी ही भिंत पहिल्यांदा मुद्दाम काढली त्यांनी तिच्या जागी काय ठेवलं, हे मी शोधत गेले. अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी शिकागोत बांधलेलं रोबी हाउस १९१० मध्ये पुरं झालं. त्यात बसायची आणि जेवायची जागा मिळून एकच लांबलचक दालन आहे, पण मधोमध विटांची भक्कम शेकोटी उभी आहे, आणि तिच्या वरच्या भागातून पलीकडचं छत दिसत राहतं. दोन्ही बाजूंना पाठ टेकायला आधार, आणि तरी घर एक. जर्मन वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह यांच्या, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या १९३० च्या टुगेनहाट घरात दालनाच्या मध्ये ऑनिक्स दगडाची एक सुटी भिंत आहे, जेवणाच्या टेबलाभोवती काळसर लाकडाचा अर्धगोल आहे, आणि गरज पडेल तेव्हा ओढायला पडदे आहेत. म्हणजे भिंत पाडली की पोकळीच उरली पाहिजे असं या दोघांनीही मानलं नव्हतं. बिल्डर आपल्याला फक्त भिंत नसल्याचं देतो. तिच्या जागी काय यावं हे आपल्यावर सोडलेलं असतं.

आमच्याकडे तिच्या जागी पुस्तकांचं कपाट आलं. साडेतीन फूट उंच, पाच फूट लांब, दारासमोरच्या लांब भिंतीपासून आडवं निघालेलं. उंची ठरवायला वेळ लागला. मी खुर्चीवर बसले, नवरा ओट्याशी उभा राहिला आणि मध्ये एक पुठ्ठा धरून आम्ही तो वर-खाली केला. साडेतीन फुटांवर असं झालं की बसलेल्याला ओट्यावरची खरकटी भांडी दिसेनात, पण उभं राहून भाजी परतणाऱ्याचा चेहरा पूर्ण दिसत राहिला. मला नेमकं हेच हवं होतं. पूर्ण उंचीची जाळी किंवा काच घातली असती तर स्वयंपाक करणारी पुन्हा माजघरात गेली असती.

या कपाटाच्या आणि लांब भिंतीच्या कोपऱ्यात दिवाण आहे. सोफा काढला. दिवाण साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, वर कापसाची गादी, पाठीला लोड. खाली कप्पे आहेत, त्यांत पाहुण्यांची अंथरुणं राहतात. समोर दोन वेताच्या खुर्च्या आणि एक चौरंग, तिन्ही एका हाताने उचलता येतील इतकी हलकी. दिवाणावर बसलं की पाठीशी भिंत, एका बाजूला बाल्कनीतलं आकाश, दुसऱ्या बाजूला कपाटावरून ओट्याशी उभं असलेलं माणूस, आणि समोर दार. घरात काय चाललंय ते सगळं कळतं, आणि आपल्यामागून कुणी जात नाही. कोपऱ्यातल्या त्या टोकाला बसायला घरातलीच माणसं आता आधी जागा पकडतात.

अकरा फूट रुंदीची मला सुरुवातीला खंत होती. पण एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची जी वर्गवारी मांडली तिच्यात परक्या-ओळखीच्या माणसांनी सहज बोलण्याचं अंतर चार ते बारा फुटांचं धरलंय, आणि त्यातलं जवळचं अंतर चार ते सात फूट. त्याने हे आपल्याकडच्या माणसांवरून काढलेलं नाही, आपण थोडे अधिक जवळच बसतो. आमच्या दिवाणापासून खुर्चीपर्यंत सहा फूट होतात. आवाज न चढवता बोलता येतं, बशी हातात देता येते, आणि गुडघ्याला गुडघा लागत नाही. मोठ्या बंगल्यांमधल्या दिवाणखान्यांत सोफे भिंतींना चिकटवून पंधरा-पंधरा फुटांवर ठेवलेले असतात, आणि माणसं सभेत बसल्यासारखी बोलतात. तिथेही खुर्च्या भिंतीपासून ओढून जवळ आणल्या तर निम्मं काम होईल.

आमच्या मिस्त्रींनी बसायच्या जागेला सहा इंचांचा चौथरा करायचं सुचवलं होतं. ‘ताई, ओटीसारखं दिसेल.’ दिसलं असतंही. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला घराच्या मध्ये पायरी नको. चढण्याऐवजी आम्ही पायाखालचा पोत बदलला. घरभर गुळगुळीत टाइल्स आहेत; बैठकीपुरती जाड सुती सतरंजी अंथरली, तिची कड दिवाणापासून खुर्च्यांच्या मागच्या पायांपर्यंत पोचेल एवढी. अनवाणी पायाला गार टाइलवरून सतरंजीवर आलेलं लगेच कळतं, आणि आलेला माणूस तिथे आपसूक थांबतो.

आता आवाज. घर सजवण्याच्या बोलण्यात याचा उल्लेख सहसा येत नाही, आणि मोकळ्या घरात माणूस अवघडतो त्याचं मोठं कारण मला तिथेच सापडलं. टाइल्स, प्लास्टर, काच, ग्रॅनाइटचा ओटा, हे सगळं टणक. चकचकीत टाइल आपल्यावर पडलेल्या ध्वनीतला शेकडा एक-दोन भाग शोषते आणि उरलेला सगळा परत फेकते. त्यात भिंत नसल्यामुळे दोन खोल्यांची हवा एक झालेली. मिक्सर लावला की दिवाणखान्यातलं बोलणं थांबायचं, कुकरची शिट्टी झाली की बाळ दचकायचं, आणि दोन जोडपी जेवायला आली की तासाभरात सगळ्यांचे घसे बसायचे, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या वर आवाज काढत होता.

हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८९५ मध्ये असंच एक काम मिळालं होतं. नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, एकही व्याख्यान कळायचं नाही. सबिनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. थोड्या गाद्या ठेवायच्या, मोजायचं, आणखी ठेवायच्या, पुन्हा मोजायचं, आणि पहाटेपूर्वी सगळ्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. त्यातून त्याला जे सूत्र मिळालं ते अजून वापरात आहे: जागेचं घनफळ वाढलं की घुमारा वाढतो, ध्वनी शोषणारा पृष्ठभाग वाढला की कमी होतो. मला हे वाचून आपल्या जुन्या बैठकीबद्दल नव्याने आदर वाटला. जाड गादी, लोड, तक्के, जाजम: ही मऊ बैठक होती तोवर घरात घुमारा नव्हता. ती गेली, काच आणि लॅमिनेट आलं, आणि घरं बोलण्याला परकी झाली.

दिवाणाची कापसाची गादी आणि लोड यांनी पहिला फरक पडला. मग पडदे. बाल्कनीच्या सरकत्या काचेला आम्ही जाड कोऱ्या खादीचे, खिडकीच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक कापडाचे पडदे केले. पडद्याला चुण्या भरपूर असल्या तरच तो आवाज गिळतो, ताणून लावलेला रोलर पडदा फारसं काही करत नाही. आणि खुर्च्यांमागच्या रिकाम्या भिंतीवर घोंगडी लावली. सांगली-सोलापूरकडच्या विणकरांची, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, कडेला पांढरी रेघ असलेली. या लोकरीला रंग देत नाहीत, मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ आणि थोडी टोचरी असते. पांघरायला आता घरात कुणी घेत नाही. भिंतीला मात्र तिच्याइतकं देखणं आणि उपयोगी दुसरं काही मला मिळालं नाही. लाकडी पट्ट्या ठोकून ती भिंतीपासून दोन इंच पुढे टांगली आहे. मागे हवा राहिली की जाड आवाजही बऱ्यापैकी शोषला जातो. मेंढपाळाच्या खांद्यावरची ही वस्तू दिवाणखान्यात आणून नुसती शोभेची करू नये, तिला काम द्यावं, असं मला मनातून वाटत होतं. ती काम करते. आता मिक्सर चालू असताना वाक्य पुरं करता येतं.

दिव्यांबद्दल थोडक्यात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. बिल्डरने छताला बसवून दिलेले दिवे ६,५०० केल्विनचे होते, निळसर पांढरे. ओट्यावर भाजी चिरायला थोडा पांढरा उजेड चांगला. तिथे आता ४,००० केल्विनची पट्टी आहे. बैठकीत २,७०० केल्विनचे दोनच दिवे, एक दिवाणाच्या कोपऱ्यात डोक्यापेक्षा थोडा वर, एक खुर्च्यांच्या मध्ये जमिनीजवळ. समईची ज्योत १,९०० केल्विनच्या आसपास असते. आपल्या देवघरातला आणि आपल्या चेहऱ्यांना शोभणारा उजेड हा त्या बाजूचा आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओट्याचे, टेबलाचे आणि बैठकीचे दिवे वेगवेगळ्या बटणांवर घेतले. जेवणं झाली की ओट्याचा दिवा बंद होतो आणि स्वयंपाकघर त्याच्या पसाऱ्यासकट मागे सरतं. चाळीत घड्याळ करायचं ते काम इथे बटण करतं.

वासाला उपाय एकच: धूर नळीतून घराबाहेर नेणारी चिमणी, आणि फोडणी टाकण्याआधी ती चालू करण्याची सवय. हवा गाळून पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमणीचा मोकळ्या घरात उपयोग नाही. आणि बांगडे तळल्याचा वास संध्याकाळपर्यंत थोडा राहिला तर राहू द्यावा. ते घर आहे.

रिकाम्या जागेवरून मिस्त्रींशी माझा बराच संवाद झाला. त्यांचं काम फार सुबक आहे आणि त्यांना रिकामी भिंत पाहवत नाही. ‘एवढी भिंत मोकळी कशाला सोडता? छान युनिट बसेल. मध्ये टीव्ही, बाजूला शोकेस, खाली ड्रॉवर.’ बहुतेक घरांत हे होतं, आणि मग सगळ्या खुर्च्या त्या भिंतीकडे तोंड करतात. आलेल्या माणसापेक्षा टीव्ही मोठा ठरतो. आमचा टीव्ही आतल्या खोलीत गेला. क्रिकेटच्या दिवसांत नवऱ्याला ते जड जातं, हे मी मान्य करते, आणि तरीही तो बाहेर आणणार नाही. शोकेस नको होती, कारण शोकेसमध्ये घराने काय मिळवलं ते मांडलेलं असतं. बक्षिसं, परदेशातून आणलेल्या वस्तू, काचेचे हत्ती. ज्याच्याकडे ते नाही त्याला ती भिंत न बोलता काहीतरी सांगते. साधी खोली करायची तर खर्च कमी करणं पुरेसं नाही. महागड्या, फिक्या रंगांच्या, एकही वस्तू बाहेर नसलेल्या खोल्यासुद्धा माणसाला दबकून बसायला लावतात. तिथे चहाचा कप कुठे ठेवावा हे कळत नाही. म्हणून आमच्या चौरंगाला काच नाही. सागाचं लाकूड, तेलपाणी केलेलं. डाग पडतात आणि पडू दिले आहेत.

बसायच्या जागा मी मुद्दाम वेगवेगळ्या उंचीच्या ठेवल्या. दिवाण सोळा इंच. वेताच्या खुर्च्या अठरा इंच, हातांसकट, कारण म्हाताऱ्या माणसाला उठताना हाताला काहीतरी धरायला लागतं. आजकालचे खोल सोफे सासूबाईंच्या मैत्रिणींना त्रासाचे होतात: मागे टेकलं की पाय अधांतरी, पुढे सरकलं की पाठीला काही नाही, आणि साडीत त्यातून उठणं म्हणजे कुणीतरी हात द्यायला हवा. ज्या जागेवरून स्वतःच्या स्वतः उठता येत नाही तिथे म्हातारं माणूस बसायलाच नको म्हणतं. मुलांना सतरंजी. मांडी घालून बसणाऱ्यांना दिवाण. त्यांतली कुठलीच जागा मानाची नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाहुण्याने कोपरा घेतला तरी चालतं, शेजारच्या सातवीतल्या मुलीने घेतला तरी चालतं.

गौरी-गणपतीत सगळं हलतं. खुर्च्या बाल्कनीत जातात, चौरंगावर गणपती बसतो, दिवाणाची गादी खाली येते आणि सतरंजीला शेजारून आणलेली दुसरी सतरंजी जोडून पार टेबलापर्यंत पंगत होते. वाढणाऱ्याला ओट्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकही दार लागत नाही. आजोळी माजघरातून ओटीवर वाढायला येताना आजी उंबरठ्याशी पदर सावरायची ते मला दर वर्षी आठवतं.

सगळ्यांत शेवटी केला तो बाक. कपाटाच्या ओट्याकडच्या बाजूला, चार फूट लांब, अठरा इंच उंच, पाठ कपाटाला. मिस्त्रींना त्याचं कारण कळेना, कारण टेबलाच्या खुर्च्या दोन हातांवर होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई चहा घ्यायला ओट्याजवळ जमिनीवर बसत. खुर्चीवर बसा म्हटलं की ‘असू द्या वहिनी, मला इथंच बरं’ म्हणत. टेबल जेवायचं, दिवाण पाहुण्यांचा, असं त्यांनी धरलेलं होतं. इतक्या घरांनी त्यांना ते शिकवलं होतं. मला अशी जागा हवी होती जी आधी कुणाचीच नव्हती. बाकावर मी शेंगा सोलायला बसते, मुलगा बूट घालायला बसतो, मावशी आली की कोथिंबीर निवडायला तिथेच बसते. ताई काही आठवडे जमिनीवरच बसल्या. मग एकदा पाय दुखत होते म्हणून बाकावर बसल्या, आणि आता बसतात. सासूबाई त्या वेळी दिवाणावर असतात, कपाटाच्या पलीकडे. दोघींचं बोलणं कपाटावरून चालतं. विषय बहुतेक गुडघ्यांचा, तेलांचा आणि ताईंच्या सुनेच्या नोकरीचा, आणि दोघींनाही आवाज फार चढवावा लागत नाही.